माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स

आमच्या गावात माणसाने काहीही करो, त्याचा फ्लेक्स लागतो. दहावी पास झाला, फ्लेक्स. नवी बोट पाण्यात उतरवली, फ्लेक्स. कुणी काहीच न करता नुसता चाळीस वर्षांचा झाला तरी जेट्टीकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी, दोन बांबूंच्या मधे, त्याचा काळा गॉगल घातलेला फोटो लटकायला लागतो. आमच्या दिवाळे गावात कधी मासळी घ्यायला आलात तर बघा, एक फ्लेक्स उतरायच्या आत दुसरा चढलेला असतो. त्यामुळे अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीने मला प्रवेश दिला तेव्हा माझाही लागणार हे मला कळायला हवं होतं. पण मी व्हिसाच्या टेन्शनमध्ये होते, आणि एका संध्याकाळी वाशीहून क्लास करून परत आले तर रिक्षावालाच म्हणाला, "ताई, तो फोटो तुमचाच ना?"

माझाच होता. चुलतभावाच्या हळदीतला, पिवळी साडी, केसात अबोलीचा गजरा. छापणाऱ्याने मला इतकी गोरी करून टाकली होती की माझ्या आईने मला ओळखलं नसतं. मागे विमान उडत होतं. आणि माझ्या दुप्पट आकाराचे काका, हात जोडून, खाली डाव्या कोपऱ्यात.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांचं एक मित्र मंडळ आहे आणि महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं त्यांच्या मनात कित्येक वर्षं आहे. तिकीट काही मिळत नाही. पण उद्या मिळालंच तर तोंड लोकांच्या ओळखीचं असावं, म्हणून गावातल्या प्रत्येक आनंदात ते कोपऱ्यातून हात जोडून उभे असतात. मनाने माणूस सोन्यासारखा आहे. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की पहिली गाडी त्यांची निघते. पण त्या दिवशी माझं डोकंच सटकलं.

"काका, व्हिसा मिळालेला नाहीये अजून! इंटरव्ह्यू बाकी आहे!"

"अगं मिलेल गं, कुठं जातोय व्हिसा?"

"आणि नाही मिळाला तर? गावभर तोंड दाखवायला जागा राहील का मला? उतरवा आधी तो!"

मी अंगणात उभी राहून एवढी ओरडले की शेजारच्या आज्या ओट्यावर येऊन बसल्या, फुकटचा तमाशा. काकांनी बिचाऱ्यांनी लगेच पोरांना पाठवून फ्लेक्स उतरवला. आईने तो गच्चीवर नेऊन वाळत घातलेल्या जवळ्यावर झाकायला घेतला, आणि माझ्यापुरता विषय संपला. मी भांडले ती गोऱ्या फोटोवरून आणि अजून न मिळालेल्या व्हिसावरून. मजकूर मी वाचला होता, नाही असं नाही. पण फ्लेक्सवरचा मजकूर कोण मनावर घेतं? हार्दिक हार्दिक अभिनंदन, एवढं तर डोळे मिटूनही छापलेलं असतं.

मी शिकायला जाणार होते ते खाडीतला गाळ. हसू नका, सगळेच हसतात. खाडीच्या तळाशी जो चिखल साचतो त्यात काय काय मिसळलंय, मासा का सरला, हे त्या गाळातून वाचता येतं. तिकडच्या एका प्राध्यापक बाईंनी माझा कॉलेजातला प्रोजेक्ट वाचून मला त्यांच्या प्रयोगशाळेत काम देऊ केलं होतं, फी माफ करून. पण ती जागा त्याच सत्रापुरती होती. मी पोहोचले नाही तर ती दुसऱ्या कुणाला जाणार हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. आणि इंटरव्ह्यूची तारीख तर मिळतच नव्हती. पहाटे उठून, दुपारी जेवता जेवता, सारखं त्या वेबसाइटवर जाऊन बघायचं. शेवटी मिळाली तेव्हा सत्र सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते. म्हणजे एकच इंटरव्ह्यू, आणि तो चुकला तर सगळं चुकलं.

वाशीला व्हिसाचा क्लास लावला होता. तिथल्या मॅडमचा एकच घोष: परत येणार हे पटवून द्या. विद्यार्थ्याचा व्हिसा शिकून परत येणाऱ्याला मिळतो, तिकडेच राहणाऱ्याला नाही. क्लासमधली सगळी मुलं तिकडेच राहायला चालली होती, आणि सगळी जण भारतातल्या उज्ज्वल संधींवर इंग्रजीत पाठांतर करत होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, मला खरंच परत यायचंय. मला गावाबाहेर करमत नाही. कॉलेजच्या सहलीतून मी मधेच रडून परत आले होते."

"व्हेरी गुड," मॅडम म्हणाल्या, "असंच बोलायचं. एकदम खरं वाटतंय."

आता काय बोलणार! खरं सांगितलं तर तेही अभिनय म्हणून वाखाणलं जात होतं.

आणखी एक नियम होता. फेसबुक, इन्स्टाग्राम, जे काही असेल ते सगळ्यांना दिसेल असं उघडं ठेवायचं, व्हिसावाले तपासतात. मी एक अख्खी दुपार बसून साफसफाई केली. हळदीतले नाच काढले, रस्त्यातल्या खड्ड्यांवर घातलेल्या शिव्या काढल्या, एका मैत्रिणीच्या नवऱ्याबद्दल जे लिहिलं होतं ते तर देवाचं नाव घेऊन काढलं. मी जे टाकलं होतं ते सगळं तपासलं. दुसऱ्यांनी माझं नाव जोडून काय टाकलंय, हे बघायचं मला सुचलंच नाही.

इंटरव्ह्यूच्या दिवशी बाबा, आई, काका आणि मी काकांच्या गाडीतून निघालो. बाबांनी कंपनीच्या बसवर बदली ड्रायव्हर दिला होता. आमची बोट विकल्यापासून ते स्टाफ बस चालवतात. आईने त्या दिवशी बाजारात मासळीची पाटी नेली नाही, आणि हे आमच्या घरात कुणाच्या लग्नाखेरीज होत नाही. सकाळी देवीला जाऊन आली होती. गाडीत कुणी फारसं बोलत नव्हतं, काका सोडून. काका अमेरिकेत थंडी किती आणि तिथे सुका बोंबील नेऊ देतात का, यावर बोलत होते.

वकिलातीच्या बाहेर त्यांना फूटपाथवर सोडून मी आत गेले. फोन नाही, पर्स नाही, एक पारदर्शक फोल्डर फक्त. रांगेत सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, परीक्षेच्या वर्गाबाहेर पुटपुटतात तसं. माझ्या पुढच्या मुलीचा पासपोर्ट खिडकीतल्या माणसाने ठेवून घेतला आणि ती नाचतच बाहेर गेली. ठेवून घेतला म्हणजे मिळाला, परत दिला म्हणजे नाकारला, हे क्लासमध्ये सांगितलेलं होतं.

माझ्या खिडकीत एक बाई होती. केस पिकलेले आणि तसेच ठेवलेले, चेहरा शाळेतल्या बाईंसारखा. मला बरं वाटलं. कुठली युनिव्हर्सिटी, खर्च कोण करणार, काय शिकणार, हे सगळं इंग्रजीत झालं.

"गाळ?" तिने विचारलं आणि हसली.

मी पण हसले. मनात म्हटलं, आई एकवीरे, काम झालं.

मग ती स्क्रीनकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ.

"तुमच्या अकाउंटवर एक फोटो आहे. मोठा बोर्ड आहे, त्यावर तुम्ही आहात. हे काय आहे?"

काकांच्या मित्र मंडळाने फ्लेक्स उतरवण्याआधी त्याचा फोटो काढून, माझं नाव जोडून, फेसबुकवर टाकला होता. मी म्हटलं, "माझ्या काकांनी लावला होता. आमच्या गावात पद्धत आहे. अभिनंदनाचा आहे."

"छान आहे. काय लिहिलंय त्यावर?"

मी आठवून आठवून भाषांतर करायला लागले. आपल्या गावची कन्या. समाजाची शान. उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत निवड झाल्याबद्दल. आणि तिथे माझी गाडी अडली, कारण पुढची ओळ मला आता, त्या क्षणी, पहिल्यांदा नीट दिसली. फोटोखाली, लाल अक्षरात: 'व अमेरिकेत कायमस्वरूपी स्थायिक होत असल्याबद्दल हार्दिक हार्दिक अभिनंदन!'

"आणि पुढे?" बाई म्हणाली.

काहीतरी थाप मारता आली असती. पण तिच्या नजरेवरून कळत होतं की तिला कुणीतरी ते आधीच वाचून दाखवलंय आणि ती फक्त माझ्या तोंडून ऐकायला थांबलीय. मी सांगितलं. कायमस्वरूपीसकट सांगितलं.

मग मी सुटलेच. "मॅडम, फ्लेक्सवर असं काहीही लिहितात आमच्याकडे. त्याच बोर्डवर माझ्या काकांच्या नावापुढे कार्यसम्राट लिहिलंय. सम्राट! ते साध्या कुठल्या कमिटीवर पण नाहीत, मॅडम." शेजारच्या खिडकीतला माणूस माझ्याकडे बघायला लागला. बाईच्या चेहऱ्यावरचं हसू केव्हाच गेलं होतं, पण ती रागावली नव्हती. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "इथे परत येण्यासारखं तुमच्याकडे काय आहे?"

उज्ज्वल संधी वगैरे सगळं डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. मी म्हटलं, "माझी माणसं आहेत. माझी आई, माझे बाबा. माझे बाबा लग्नाआधी दुबईला बोटीवर नोकरीला गेले होते. चांगली नोकरी होती. गावच्या जत्रेला म्हणून आले आणि मग गेलेच नाहीत. आम्ही परत येणारी माणसं आहोत, मॅडम. मी जाईन त्या दिवसापासून ते माझी वाट बघत बसतील."

हे मी मनापासून बोलले. आयुष्यात इतकं मनापासून मी कुणाशीच बोलले नसेन, आणि बोलले ती एका परक्या बाईशी, काचेतून. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग "आय ॲम सॉरी" म्हणाली आणि एक छापील कागद आणि पासपोर्ट फटीतून माझ्याकडे सरकवला. परत येण्याबद्दल खात्री पटली नाही, असं त्या कागदावर होतं. मी थँक यू म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. सवय.

बाहेर आले तर तिघं फूटपाथच्या कडेला उभी होती, आणि माझ्या हातात पासपोर्ट बघून आईने दोन्ही हात कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली.

"मिलाला!" काका ओरडले. "मी बोललो नव्हतो? पासपोर्ट घेऊन आली बघ पोर!"

त्यांना कसं माहीत असणार? त्यांच्या हिशेबाने रिकाम्या हाताने आली तर नापास, पासपोर्ट घेऊन आली तर पास. मी तोंड उघडलं नाही उघडलं तोच काकांनी पेढा आत कोंबला. कधी आणला होता देव जाणे. बाबांनी डोळ्यांना रुमाल लावला, आणि मी माझ्या बाबांना रडताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मी तोंडात पेढा धरून उभी. गिळवेना, थुंकवेना. येणारे-जाणारे आमच्याकडे बघून हसत होते, चांगलं हसत होते, कुणीतरी "काँग्रॅट्स" पण म्हणालं.

"नाही मिळाला," मी कसंबसं म्हटलं. "परत दिला म्हणजे नाही मिळाला."

आईचे हात तसेच वर राहिले.

गाडी हायवेला लागली आणि माझा बांध फुटला. चेंबूर येईस्तोवर मी काकांना जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुमच्या फ्लेक्समुळे गेलं. तुमचं तोंड झळकवायला माझं आयुष्य मिळालं का तुम्हाला? कुणी सांगितलं होतं कायमस्वरूपी लिहायला? मी कधी म्हटलं होतं का, मी तिकडे राहणार म्हणून? स्वतःच्या मनाने कसं काय छापता? आई माझा हात धरत होती, मी झटकत होते. काका गाडी चालवत होते आणि त्यांनी एका शब्दाने उत्तर दिलं नाही. ज्या माणसाला बोलण्यापासून कुणी थांबवू शकत नाही तो माणूस मान खाली घालून ऐकत होता, आणि त्यामुळे माझा राग आणखीनच भडकत होता.

वाशीचा खाडीपूल लागला तेव्हा पुढच्या सीटवरून बाबा म्हणाले, "त्याला नको बोलू. मजकूर मी दिला होता."

मला आधी कळलंच नाही.

"तो नुसतं उच्च शिक्षण छापनार होता. कायमस्वरूपी मीच घाल म्हनालो."

"का?" मी विचारलं. "बाबा, का?"

ते मागे वळले नाहीत. समोर बघूनच बोलले. "परत येऊन काय करनार तू? खाडीत काय रायलंय? गाल शिकशील, मग त्या गालाचं इथं कोनाला काय पडलंय? इथं कोन तुला विचारनार हाय? जा, तिकडं रहा, तिकडं घर कर. मना वाटलं, चारचौघांत लिवलेलं असलं म्हंजे तुला पन परत यायला लाज वाटंल."

"पण मी त्या बाईला तुमचं सांगितलं. दुबईचं. तुम्ही जत्रेला आलात आणि परत गेला नाहीत ते. मी सांगितलं, आम्ही परत येणारी माणसं आहोत."

काकांनी गाडी हळू केली.

"ते जत्रेचं लोकांना सांगायला हाय गं," बाबा म्हणाले. "मना घरची आठवन आली, मी पलून आलो. साहेब बोलावत होता परत, मी गेलो नाय. त्यानंतर एक दिवस असा गेला नाय की मना वाटलं नाय, नव्हतं यायला पायजे."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. दर जत्रेला कुणी ना कुणी ती सांगायचं आणि सगळे हसायचे, बाबा सगळ्यात मोठ्याने. मी आईकडे बघितलं. ते परत आले म्हणून तर तिचं त्यांच्याशी लग्न झालं, मी झाले. मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल, चिडेल, निदान तोंड फिरवेल. ती म्हणाली, "मी तरी देवीपाशी काय मागितलं आज सकाली? हिला तिकडंच ठेव, एवढंच मागितलं."

मला रडू यायला पाहिजे होतं, ते पण येईना. माझ्यावर त्यांचं प्रेम नाही असं मला एक क्षणही वाटलं नाही, उलट होतं म्हणूनच ते असं बोलत होते, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. मी त्या काचेसमोर छातीठोकपणे सांगून आले होते की माझी वाट बघणारी माणसं आहेत. आणि इकडे ती माणसं हात जोडून मागत होती की मी येऊ नये. बाईने काही चूक केली नव्हती. तिने जे वाचलं ते खरंच होतं.

प्राध्यापक बाईंचं उत्तर आलं. वाईट वाटलं, जागा दुसऱ्या विद्यार्थ्याला द्यावी लागली, पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न कर. सगळं गोड शब्दांत. काका काही दिवस माझ्यासमोर आले नाहीत. मी जाऊन त्यांची माफी मागितली तर म्हणाले, "सोड गं," आणि आतल्या खोलीत निघून गेले. बाबा पहिल्यासारखे सकाळी बस घेऊन जातात. आम्ही जेवताना पावसाचं, मासळीच्या भावाचं, भाजीचं बोलतो. त्या पुलावरचं कुणी काढत नाही.

परवा वाशीच्या मॅडमनी फोन करून बोलावलं. पुन्हा अर्ज करणाऱ्याची तयारी वेगळी असते म्हणाल्या, आणि उत्साहाने मला समोर बसवून एकामागून एक प्रश्न विचारायला लागल्या. युनिव्हर्सिटी, विषय, खर्च, मी धडाधडा उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं, "इथे परत येण्यासारखं तुझ्याकडे काय आहे?"

मी तोंड उघडलं. माझी माणसं आहेत, हे ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"अगं, बोल ना," मॅडम म्हणाल्या. "हे तर तुला शिकवावं पण लागलं नव्हतं."

"आता शिकवा, मॅडम," मी म्हटलं.